तक्रारीचा कागद: विद्यापीठात लैंगिक छळ झाला तर काय लिहायचं, कुठे द्यायचं, पुढे काय मागायचं

तिच्या हातात फुलस्केपची चार पानं होती. पहिलं दीड पान सरांच्या विद्वत्तेबद्दल. मग आपण किती साध्या घरातून आलो, शिक्षणासाठी आईवडिलांनी काय काय सोसलं, ते. तिसऱ्या पानाच्या मध्यावर एक ओळ: "त्या दिवशी सरांचं वागणं मला योग्य वाटलं नाही." आणि लगेच खाली, "माझा गैरसमज झाला असल्यास क्षमस्व."

मी विचारलं, "त्या दिवशी म्हणजे कधी?"

तिला सगळं पाठ होतं. तारीख, वार, वेळ. दार कोणी ओढून घेतलं, हात कुठे ठेवला, किती वेळ ठेवला, तो काय म्हणाला, ती कशी मागे सरकली. सांगताना तिचा आवाजही फारसा कापला नाही. फक्त कागदावर यातलं काहीच नव्हतं.

मी एका महिला समुपदेशन केंद्रात काम करते. २०१४ पासून तीन महाविद्यालयांच्या आणि एका विद्यापीठाच्या अंतर्गत तक्रार समितीवर, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या समितीवर, बाहेरची सदस्य म्हणून बसते. एवढ्या वर्षांत मुलींच्या खरेपणाबद्दल शंका यावी असे प्रसंग क्वचित आले. खरी गोष्ट कागदावर लंगडी पडली, उशिरा आली, तोंडीच राहिली, असं मात्र वारंवार पाहिलं. म्हणून हे तुझ्यासाठी लिहितेय. तू पहिल्या वर्षाला असशील, एमएस्सीला असशील किंवा पीएचडीच्या पाचव्या वर्षात अडकलेली असशील.

हा छळच आहे का, हा प्रश्न

यावर मुली महिनोन् महिने घालवतात, तेव्हा थोडक्यात सांगते. कायद्याचा सगळा भर एका शब्दावर आहे: नकोसं. नकोसा स्पर्श, शरीरसुखाची मागणी, लैंगिक शेरे, अश्लील चित्रं किंवा व्हिडिओ दाखवणं, आणि याच जातीचं इतर कोणतंही वागणं, मग ते शब्दांनी असो की नुसत्या हावभावांनी. "ऐकलंस तर इंटर्नल चांगले पडतील" हे आमिष यात येतं, "नाही ऐकलंस तर बघून घेईन" ही धमकीही येते. वर्गात बसणं नकोसं व्हावं असं वातावरण करून ठेवणं, हेही यात धरलं आहे. तू मोठ्यानं "नाही" म्हणालीस का, यावर काही अडत नाही. ज्याच्या सहीवर तुझं वर्ष अवलंबून आहे, त्याच्यासमोर माणूस गप्प बसतो. समितीवर बसणाऱ्यांना हे कळायला हवं, आणि कळत नसेल तर तू तक्रारीत तसं लिहायला हवं: "ते माझे परीक्षक असल्याने मी त्या वेळी काही बोलू शकले नाही."

कायद्याची नावं एकदा सांगून टाकते, कारण ती कागदावर घालावी लागतात. राजस्थानात सरकारी कार्यक्रमात साथिन म्हणून बालविवाह रोखण्याचं काम करणाऱ्या भंवरीदेवींवर १९९२ मध्ये सामूहिक बलात्कार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्ये विशाखा निकाल दिला आणि कामाच्या ठिकाणी अशी तक्रार समिती हवी असं सांगितलं. अनेक कॉलेजांत आजही या समितीला 'विशाखा समिती' म्हणतात ते त्यामुळे. मग २०१३ चा कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा कायदा आला. आणि विद्यार्थिनींसाठी सर्वांत कामाचे म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, यूजीसीचे, २०१५ चे विनियम. ते २ मे २०१६ रोजी राजपत्रात आले.

हे विनियम नेटवर मोफत मिळतात. उतरवून घे आणि वाच. त्यात 'परिसर' म्हणजे नुसत्या कॉलेजच्या भिंती नाहीत. अभ्यास सहल, फील्डवर्क, इंटर्नशिप, कॉलेजची बस, शिबिर, युवक महोत्सव, क्रीडा स्पर्धा, सगळं त्यात येतं. दुसऱ्या कॉलेजात स्पर्धेला गेलेल्या मुलीला तिथेच काही झालं, तर ती त्या कॉलेजची विद्यार्थिनी मानली जाते आणि तक्रार तिथे करू शकते. दूरशिक्षणाची विद्यार्थिनीही यात येते, आणि जिचा प्रवेश अजून पक्का झालेला नाही अशी मुलगीही. मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही छळाचे बळी ठरतात, हे विनियमांनी स्पष्ट मानलं आहे. त्यांनीही मागे राहू नये.

तारीख

माझ्या हातून झालेली चूक सांगते. समितीवर नवी होते तेव्हाची गोष्ट. एमएस्सीची एक मुलगी माझ्याकडे आली आणि प्रयोगशाळेत काय घडतं ते सगळं बोलली. मी त्याच संध्याकाळी समितीच्या अध्यक्ष मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "मी बोलते त्यांच्याशी." त्या खरंच बोलल्या. सरांनी दिलगिरी व्यक्त केली म्हणे. आम्हा दोघींना वाटलं, प्रकरण नीट मिटलं. सात महिन्यांनी ती मुलगी परत आली. प्रॅक्टिकलला तिला जेमतेम पासापुरते गुण पडले होते. आता तिला तक्रार करायची होती. समितीनं विचारलं, आधीची तक्रार कुठे आहे? कुठेच नव्हती. एक फोन झाला होता, बाकी काही नाही. मुदत संपली म्हणून तिचा अर्ज दाखलच झाला नाही. प्रॅक्टिकलचे गुण हीच त्या मालिकेतली शेवटची घटना आहे, असं तेव्हा मांडता आलं असतं. मला सुचलं नाही. ती मुलगी पुढे दुसऱ्या शहरात शिकायला गेली. मी अजून तिचा विचार करते.

तेव्हा नियम असा: लेखी तक्रार घटनेपासून ३ महिन्यांच्या आत. प्रकार पुन्हा पुन्हा घडत असेल तर शेवटच्या घटनेपासून ३ महिने. त्या काळात तक्रार करणं शक्यच नव्हतं अशी परिस्थिती असेल, तर समिती कारण लेखी नोंदवून आणखी ३ महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. उशीर झाला असेल तर उशिराचं कारण तक्रारीतच लिही. आजारपण, परीक्षा त्याच माणसाच्या हातात असणं, वसतिगृह सोडावं लागण्याची भीती, जे असेल ते. डॉक्टरांचा किंवा समुपदेशकाचा कागद असेल तर जोड.

मुदतीला किती किंमत असते ते २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात दिसलं. कोलकात्याच्या एका विधी विद्यापीठातल्या प्राध्यापिकेनं कुलगुरूंविरुद्ध केलेली तक्रार होती. शेवटची घटना एप्रिल २०२३ ची धरली गेली, तक्रार आली डिसेंबर २०२३ मध्ये. मुदतबाह्य ठरली. न्यायालयानं एवढं केलं की हा निकाल त्या कुलगुरूंच्या बायोडेटाचा भाग राहावा असा आदेश दिला. पण चौकशी मात्र झाली नाही. कायदा शिकवणाऱ्या बाईंच्या बाबतीत हे होऊ शकतं, तर तू स्वतःला दोष न देता आजच कॅलेंडर काढ.

"मी त्यांच्याशी बोलते", "आपण बघू", "परीक्षा होऊन जाऊ दे", "एचओडी सरांच्या कानावर घातलंय": ही माणसं कदाचित चांगलीही असतील. पण या बोलण्यात तुझे ३ महिने जातात. तोंडी सांगणं म्हणजे तक्रार नव्हे.

कागद कसा लिहायचा

आता त्या चार पानांकडे येते. आम्ही दोघी टेबलाशी बसलो. मी म्हटलं, स्तुती काढून टाक, माफी काढून टाक, 'योग्य वाटलं नाही' काढून टाक. वाटलं नाही, झालं. काय झालं ते लिही. मी फक्त प्रश्न विचारत गेले, शब्द तिचेच. तिसऱ्या पानावरच्या त्या एका ओळीचं असं झालं:

"दिनांक अमुक, मंगळवार, दुपारी साधारण साडेचार वाजता मी प्रगती अहवालावर सही घेण्यासाठी सरांच्या केबिनमध्ये गेले. मी आत गेल्यावर सरांनी उठून दार ओढून घेतले. ते माझ्या खुर्चीमागे उभे राहिले आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी पुढे सरकले तरी हात काढला नाही. ते म्हणाले, 'सही अशी सहज मिळत नसते.' मी अहवाल तिथेच ठेवून बाहेर आले. बाहेर येताच मी माझ्या रूममेटला फोन केला. त्या कॉलची वेळ ४.५२ आहे."

इथे एकही विशेषण नाही. 'घाणेरडा', 'विकृत', 'नराधम' असे शब्द समितीच्या कामाला येत नाहीत. हात कुठे होता, त्याचा उपयोग होतो. तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत, अवतरणात लिही, शिवी असली तरी. लिहवत नसेल तर समितीच्या सदस्याला सांग. ज्या मुलीला लिहून देता येत नाही तिला लिहायला सर्वतोपरी मदत करणं हे विनियमांनी समितीचं कर्तव्यच ठरवलं आहे. मराठीत लिही. 'इंग्रजीत आणा' म्हणून कुणी परत पाठवलं तर ते मानू नकोस.

प्रत्येक घटनेला वेगळा परिच्छेद, जुनी आधी, नवी नंतर. तारीख नक्की आठवत नसेल तर खोटी तारीख घालू नकोस. "पहिल्या सत्राच्या अंतर्गत परीक्षेच्या आठवड्यात" असं लिही. एक चुकीची तारीख समोरच्याला आयती मिळते आणि तो तीच धरून बसतो. त्याचं पूर्ण नाव, पद, विभाग. तुझं नाव, वर्ग, संपर्क. साक्षीदारांची नावं, पत्ते. घडताना पाहिलेलं कुणी नसलं तरी चालतं. तू सर्वांत आधी ज्याला सांगितलंस, तो तुझा साक्षीदार आहे. रूममेट, बहीण, लॅबमधली मावशी, कुणीही.

आणि शेवटी मागणी. इथेच बहुतेक तक्रारी तुटतात. "योग्य ती कारवाई करावी, ही नम्र विनंती" एवढ्यावर कागद संपतो. तू नेमकं माग: २०१५ च्या विनियमांनुसार चौकशी व्हावी, चौकशी चालू असताना यांनी माझे कोणतेही गुण, परीक्षा, अहवाल तपासू नयेत, माझ्याशी संपर्क ठेवू नये. हा अंतरिम दिलासा समिती सुचवू शकते. त्यात तुला किंवा त्याला दुसऱ्या विभागात हलवणं येतं, तुला ३ महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते, त्याला तुझं मूल्यमापन करण्यापासून रोखता येतं, त्याला अंतर राखण्याची ताकीद देता येते, गरज पडली तर त्याला परिसरात येण्याची बंदीही घालता येते. पण मागितलं नाही तर फारसं कुणी आपणहून देत नाही, असा माझा अनुभव आहे.

पुरावा जपणं

चॅट डिलीट करू नकोस. रागाच्या भरात ब्लॉक करण्याआधी सगळं संभाषण एक्सपोर्ट करून स्वतःला ईमेल कर. स्क्रीनशॉट घेताना वर नंबर आणि तारीख दिसली पाहिजे. आपोआप नाहीसे होणारे मेसेज दुसऱ्या फोननं फोटो काढून ठेव. मूळ फोन विकू नकोस, फॉरमॅट करू नकोस, कारण पुढे प्रकरण कोर्टात गेलं तर मूळ यंत्राला महत्त्व येतं.

काहीच मेसेज नसतील तरी त्या दिवसाचे ठसे इतरत्र असतात. होस्टेलच्या गेटवरचं रजिस्टर, ग्रंथालयाची नोंद, लॅबची लॉगबुक, सहलीची यादी, रजेचा अर्ज. मैत्रिणीला त्या रात्री पाठवलेला "आज काय झालं माहितेय का" हा मेसेज. कॉरिडॉरमधल्या सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून "अमुक तारखेचे, अमुक वेळेचे फूटेज जतन करावे" असा वेगळा एक-ओळी अर्ज त्याच दिवशी दे.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. पुरावा मिळवण्यासाठी म्हणून त्याच्या केबिनमध्ये पुन्हा एकटी जाऊ नकोस. ही चौकशी म्हणजे फौजदारी खटला नव्हे. इथे 'निःसंशय सिद्ध' लागत नाही, काय घडलं असण्याची शक्यता जास्त आहे ते समिती पाहते. तुझं सुसंगत निवेदन हाच मोठा पुरावा आहे.

द्यायचा कुठे

समितीच्या पीठासीन अधिकाऱ्यांच्या, म्हणजे अध्यक्षांच्या, नावे. प्राचार्यांच्या नावे नाही, एचओडींच्या नावे नाही. सदस्यांची नावं संकेतस्थळावर आणि फलकावर असायला हवीत. नसतील तर कार्यालयात विचार. विनियमांनुसार पीठासीन अधिकारी वरिष्ठ प्राध्यापिकाच हवी, निम्म्याहून कमी महिला असता कामा नयेत, एक सदस्य संस्थेबाहेरची हवी, आणि प्रकरणात विद्यार्थी गुंतलेले असतील तर विद्यार्थ्यांनी निवडून दिलेले ३ विद्यार्थी प्रतिनिधी हवेत. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख असे अधिकारपदावरचे लोक समितीवर बसू शकत नाहीत. बसले असतील तर पहिल्याच पत्रात हरकत घे.

तक्रार बंद लिफाफ्यात घाल, वर 'गोपनीय' लिही. सोबत साधं दोन ओळींचं पत्र ठेव: "सोबत गोपनीय तक्रार, पाने इतकी, जोडपत्रे इतकी." आवक-जावक कक्षात त्या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घे. म्हणजे तिथल्या माणसांना मजकूर वाचायला मिळत नाही आणि तुझ्याकडे पोच राहते. शिक्का मारायला नकार दिला तर स्पीड पोस्टनं पाठव आणि पावती जप. त्याच दिवशी समितीच्या ईमेलवरही पाठव. कायद्याच्या नियमांत सहा प्रतींचा उल्लेख आहे, तेव्हा झेरॉक्स काढूनच जा, म्हणजे कुणी त्यावरून परत पाठवणार नाही.

समितीच नाही, किंवा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोच संस्थेचा सर्वेसर्वा आहे, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात तिचा पत्ता मिळतो. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरूनही तक्रार नोंदवता येते. समिती नसणं हा संस्थेचा दोष आहे. त्यासाठी २०१३ च्या कायद्यात ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि नियम न पाळणाऱ्या संस्थेवर कारवाई करण्याचा अधिकार यूजीसीलाही आहे.

समितीसमोर

आता दिवस मोज. ७ दिवसांत तुझ्या तक्रारीची प्रत त्याला जाते. तो १० दिवसांत उत्तर देतो. चौकशी ९० दिवसांत संपली पाहिजे. त्यानंतर १० दिवसांत अहवाल, आणि त्याची प्रत तुलाही मिळायला हवी. अहवाल मिळाल्यावर संस्थेनं ३० दिवसांत कारवाई करायची. शिफारशी मान्य नसतील तर कारणं लेखी द्यावी लागतात. अपिलालाही ३० दिवस आहेत.

खोलीत पाच-सात माणसं असतात, मधे टेबल, आणि तुला वाटतं की आरोपी आपणच आहोत. समोरासमोर बसवू नका, अशी विनंती आधीच लेखी दे. आम्ही त्याचे प्रश्न लेखी घेतो आणि समितीच्या तोंडून विचारतो. वकील कुणालाच आणता येत नाही, त्यालाही नाही. "तू काय घातलं होतंस", "तुझा कुणी मित्र आहे का" असं कुणी विचारलं तर उत्तर देऊ नकोस. शांतपणे म्हण, "या प्रश्नाचा तक्रारीशी संबंध काय, ते नोंदवून घ्या." बहुतेक वेळा प्रश्न मागे घेतला जातो, कारण तो कागदावर यावा असं विचारणाऱ्यालाही वाटत नसतं. तुझा जबाब वाचल्याशिवाय सही करू नकोस. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही.

त्याचीही बाजू पूर्ण ऐकली जाईल. तेव्हा चिडू नकोस. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये बडतर्फीचा आदेश रद्द करून चौकशी पुन्हा करायला सांगितली, कारण समितीनं ती घाईत उरकली होती आणि बचावाची पुरेशी संधी दिली नव्हती. तक्रारी २००९ च्या होत्या. चौदा वर्षं गेली. नीट झालेली चौकशी पुढे कोर्टात टिकते, आणि ते तुझ्याच फायद्याचं आहे.

"सिद्ध झालं नाही तर खोटी तक्रार म्हणून तुझ्यावरच कारवाई होईल," असं कुणी घाबरवलं तर ते खरं नाही. पुरावा अपुरा पडणं आणि जाणूनबुजून खोटं बोलणं यांत कायद्यानं स्पष्ट फरक केला आहे. नुसतं सिद्ध न होणं शिक्षेला पात्र नाही.

समेटाचं बोलणं निघेल. समेट फक्त तू मागितलास तरच होऊ शकतो, आणि पैशाच्या देवघेवीवर मुळीच नाही. समितीच जर समेटासाठी तुझ्या मागे लागत असेल, तर त्या दिवशी काय बोलणं झालं ते ईमेलनं त्यांनाच लिहून पाठव.

तो तुझा गाईड असेल तर

मला सर्वांत जास्त काळजी या मुलींची वाटते. वर्गातल्या मुलीला एक सत्र काढायचं असतं. पीएचडीच्या मुलीची चार-पाच वर्षं, फेलोशिपच्या हजेरीची सही, पेपरवरचं नाव, सायनॉप्सिस, व्हायवाचे परीक्षक, पुढच्या नोकरीचं शिफारसपत्र, हे सगळं एकाच माणसाच्या हातात असतं. त्याला ते माहीत असतं. मैत्रिणी सांगतात, "सबमिशन होऊ दे, मग बघू." पण सबमिशन त्याच्याच हातात असल्यानं ते 'मग' कधी येत नाही.

अशा वेळी तक्रारीसोबतच गाईड बदलून मिळण्याची मागणी कर, आणि ती समितीच्या अंतरिम शिफारशीतून यावी असा आग्रह धर. 'वैयक्तिक कारणास्तव' असा अर्ज स्वतः करू नकोस. तसं लिहिलंस की पुढे तोच कागद तुझ्याविरुद्ध दाखवला जातो. फेलोशिपच्या कागदांवर दुसऱ्या कुणी सही करावी, प्रगती अहवाल दुसऱ्या समितीपुढे जावा, आणि तुझा डेटा, वह्या, नमुने तुझ्या ताब्यात राहावेत, हेही लिही. तक्रार देण्याआधी तुझा डेटा आणि प्रबंधाची प्रकरणं बाहेर सुरक्षित ठेव. एका मुलीचा लॅबमधला संगणक दुसऱ्याच दिवशी 'दुरुस्तीला' गेला होता.

तक्रारीनंतर गुण कमी पडले, लॅबची किल्ली काढून घेतली, सेमिनारमधून नाव वगळलं, तर ती सूडाची कारवाई आहे. प्रत्येक प्रसंग नवीन तक्रार म्हणून, तारखेसह समितीला कळव. जिच्या वाट्याला प्रॅक्टिकलचे कमी गुण आले, तिच्यासाठी मी हे करू शकले नव्हते.

पोलीस

समिती आणि पोलीस, दोन्हीकडे एकाच वेळी जाता येतं. एकाची परवानगी दुसऱ्याला लागत नाही, आणि पोलिसांत जायचं असेल तर मदत करणं संस्थेवर बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिचं कलम ७५ लैंगिक छळाचं, ७४ विनयभंगाचं, ७७ चोरून पाहण्याचं किंवा चित्रण करण्याचं, ७८ पाठलागाचं, ऑनलाइन पाठलागही त्यात आला. या गुन्ह्यांची माहिती महिला अधिकाऱ्यानंच नोंदवायची असते. "आमच्या हद्दीत येत नाही" म्हणून परत पाठवता येत नाही, झीरो एफआयआर घ्यावाच लागतो. एफआयआरची प्रत मोफत मिळते. तातडीला ११२, महिला हेल्पलाइन १८१, कायदेशीर मदतीला १५१००. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर उत्पन्न कितीही असो, स्त्रीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मदत मिळते.

तू अजून १८ वर्षांची झाली नसशील, आणि पहिल्या वर्षाच्या कितीतरी मुली झालेल्या नसतात, तर पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, लागतो. तिथे माहिती असलेल्या प्रत्येकावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "आतल्या आत मिटवू" म्हणणारे प्राचार्य स्वतः गुन्हा करत असतात.

घरचे, आणि मैत्रिणी

"घरी कळलं तर शिक्षण बंद होईल." ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. असं झालेलं मी पाहिलंय. तू सज्ञान असशील तर तक्रारीला पालकांची सही लागत नाही. समितीनं घरी फोन करू नये, असं तक्रारीत स्पष्ट लिही. नावं उघड न करण्याचं बंधन समितीवर कायद्यानंच आहे. पण घरातलं एखादं माणूस, आत्या, मोठी बहीण, कधी कधी वडीलच, आपल्या अंदाजापेक्षा खंबीर निघतं. कुणाला सांगायचं ते तू ठरव, आणि इतर कुणी सांगायच्या आधी तू सांग.

हे तू मैत्रिणीसाठी वाचत असशील, तर तिच्याशी वाद घालू नकोस, "तू तेव्हाच का नाही बोललीस" विचारू नकोस. ती बोलते ते ऐक आणि तारीख लिहून ठेव. तिचं नाव वर्गाच्या ग्रुपवर टाकू नकोस, चांगल्या हेतूनंही नाही. आवक-जावक कक्षापर्यंत तिच्यासोबत जा. ती स्वतःला संपवण्याचं काही बोलली तर तिला एकटं सोडू नकोस आणि त्याच क्षणी मोठ्या माणसाला बोलाव, तिनं गुपित ठेवायला सांगितलेलं असलं तरी.

त्या चार पानांचं शेवटी सव्वा पान झालं. ते तिनं स्वतः पुन्हा एकदा सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं. दुसऱ्या दिवशी रूममेटला घेऊन ती आवक-जावक कक्षात गेली. साडेबाराच्या सुमारास मला तिचा एक फोटो आला. निळा शिक्का, थोडा तिरका बसलेला, त्याखाली क्रमांक आणि तारीख. खाली तिनं लिहिलं होतं, "मॅडम, सातवा दिवस बुधवारी येतो."